ऑप्टो बदलला की चालतो, पुढच्या उन्हाळ्यात परत येतो: २४ व्होल्ट एसएमपीएसमधलं चढणारं व्होल्टेज

दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या द्राक्षपट्ट्यातून नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या वर्कशॉपमध्ये ठिबक ऑटोमेशनची पॅनेलं दुरुस्तीला येतात. त्यांतल्या २४ व्होल्टच्या एसएमपीएसची (मेन्सवरून २४ व्होल्ट डीसी करून देणाऱ्या स्विचिंग सप्लायची) एक तक्रार दरवर्षीची ठरलेली. खरड छाटणी उरकली, एप्रिलचं ऊन तापायला लागलं की फोन सुरू होतात. व्हॉल्व्ह चालू असताना २४ व्होल्ट अगदी बरोबर मिळतात. सगळे व्हॉल्व्ह बंद झाले, लोड उतरला, की व्होल्टेज २७-२८ वर चढतं. कंट्रोलर कार्डाच्या तोंडाशी ३५ व्होल्टचा कपॅसिटर असेल तर कार्ड तगतं, २५ व्होल्टचा असेल तर तो फुगतो आणि मागून कार्ड जातं. ते कार्ड एसएमपीएसपेक्षा कितीतरी महाग, आणि नवं येईपर्यंत ऐन उन्हाळ्यात बागेचं पाणी हाताने फिरवायची पाळी.

वर्कशॉपच्या टेबलावर तोच सप्लाय ठणठणीत चालतो. मग अंदाजाने ऑप्टोकपलर, म्हणजे आउटपुटची खबर एलईडीच्या प्रकाशाने मेन्सच्या बाजूच्या ट्रान्झिस्टरला देणारा ऑप्टो, बदलला जातो, बोर्ड रात्रभर लोडवर ठेवून बघितला जातो, आणि ‘ऑप्टो गेला होता’ असं सांगून पेटी परत जाते. पुढच्या एप्रिलला तीच पेटी हजर. मग आउटपुटचं व्होल्टेज जोखणारा टीएल४३१ बदलला जातो, पल्स देणारा कंट्रोलर यूसी३८४२ बदलला जातो, दोन-चार कपॅसिटरही बदलले जातात. दुखणं तिथेच.

माझं म्हणणं असं की यातल्या बहुतेक बोर्डांत ऑप्टो गेलेला नसतोच. त्याने जेवढा करंट ओढावा अशी डिझाइनची अपेक्षा असते, तेवढ्याची हमी त्याच्या डेटाशीटने कधी दिलेली नसते. नवा ऑप्टो लावल्यावर बोर्ड चालतो, कारण नवा माल सहसा हमीच्या आकड्यापेक्षा बराच तगडा निघतो. वय आणि उष्णता मिळून तो तगडेपणा खाऊन टाकतात आणि तक्रार परत येते. म्हणून इथे सोल्डरिंग गन हातात घ्यायच्या आधी करंटचा हिशेब मांडायला हवा.

आधी दुखणं हेच आहे ना, ते बघा

फीडबॅकच्या, म्हणजे आउटपुट बघून पल्स कमी-जास्त करणाऱ्या साखळीच्या, नावावर बरीच वेगवेगळी दुखणी खपवली जातात. सप्लाय टिक-टिक करत चालू-बंद होत असेल, आउटपुट कधी उभंच राहत नसेल, तर ऑप्टोच्या नादी लागू नका. तिथे व्हीसीसीचा (कंट्रोलर चिपच्या स्वतःच्या सप्लायचा) छोटा कपॅसिटर सुकलेला असतो, ट्रान्सफॉर्मरवरच्या, चिपला पोसणाऱ्या ऑक्झिलरी वाइंडिंगचा डायोड गेलेला असतो किंवा सेकंडरीचा (आउटपुटच्या बाजूचा) डायोड शॉर्ट असतो. यूसी३८४२ सुरू व्हायला १६ व्होल्ट लागतात आणि १० च्या आसपास तो बंद पडतो. त्या सहा व्होल्टच्या अंतरात ऑक्झिलरीने सांभाळून घेतलं नाही की टिक-टिक सुरू होते.

आउटपुट सगळ्या लोडवर सारखंच चढलेलं किंवा उतरलेलं असेल तर डिव्हायडरचे, म्हणजे आउटपुटचा ठरलेला हिस्सा टीएल४३१ च्या रेफरन्सला देणाऱ्या जोडीचे, रेझिस्टर मोजा. वरचा रेझिस्टर वाढला की व्होल्टेज वाढतं, एवढं साधं आहे ते.

लोड कमी असताना चढतं आणि लोड लागला की जागेवर येतं, गरम झाल्यावर जास्त चढतं, ही जोडी दिसली तरच पुढचं वाचून उपयोग.

कमी लोडलाच का

हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. लोड कमी म्हणजे काम कमी, मग सप्लायला त्रास कसला? त्यासाठी ऑप्टो काय करतो ते बघावं लागतं.

या बोर्डांतली नेहमीची मांडणी अशी: यूसी३८४२ ची पिन २ ग्राउंडला बांधलेली, त्यामुळे आतला एरर अँप्लिफायर पिन १ ला कायम वर ढकलतो. ही पिन १ म्हणजे कॉम्प. तिला पिन ८ च्या ५ व्होल्टवरून एक पुल-अप (वर ओढणारा) रेझिस्टर दिलेला, आपल्या उदाहरणात १ के, म्हणजे १ किलोओहमचा. ऑप्टोचा ट्रान्झिस्टर कॉम्पला खाली खेचतो. कॉम्पवरच्या व्होल्टेजमधून दोन डायोडचा ड्रॉप, म्हणजे साधारण १.४ व्होल्ट, वजा होतो. उरलेल्याला तीनने भागून करंट सेन्सची मर्यादा ठरते, आणि ती जास्तीत जास्त १ व्होल्टला अडवलेली असते. म्हणजे कॉम्प ४.४ ला असेल तर पूर्ण ताकद, १.४ च्या खाली गेला तर गेटवरचे पल्स बंद.

आता दिशा बघा. पूर्ण लोडला कॉम्प वर असायला हवा, तेव्हा ऑप्टोला फारसं काम नाही. लोड उतरला की कॉम्पला खालपर्यंत ओढून धरायचं काम ऑप्टोचं. म्हणजे त्याची खरी परीक्षा कमी लोडला. तिथे तो कमी पडला तर कॉम्प खाली जात नाही, पल्स थांबत नाहीत, आणि नको असलेली ऊर्जा आउटपुट कपॅसिटरमध्ये साठत राहते. व्होल्टेज चढतं.

हे धोकादायक यासाठी की ऑप्टो थकला तर सप्लाय बंद पडत नाही, उलट बेलगाम होतो. या बोर्डांतला ऑप्टो म्हणजे पीसी८१७. त्याचा एलईडी आतून तुटला तर हा सप्लाय किती वर जाईल हे फीडबॅक ठरवत नाही, पुढे जे आधी फुटेल ते ठरवतं.

काही बोर्डांत ऑप्टो ५ व्होल्टवरून पिन २ ला उचलतो आणि आतला अँप्लिफायर वापरात असतो. तिथेही कमजोर ऑप्टो म्हणजे चढलेलं आउटपुटच, पण तिथे ऑप्टोकडून करंट बराच कमी मागितला जातो, म्हणून ते बोर्ड या तक्रारीने कमी येतात.

हिशेब

कॉम्प १.२ व्होल्टपर्यंत खाली आणायचा, असं धरू. पुल-अपमधून येणारा करंट ५ वजा १.२ भागिले १ के, म्हणजे ३.८ मिलिअँप. त्यात आतल्या अँप्लिफायरचा स्वतःचा करंट, डेटाशीटप्रमाणे नेहमीचा ०.८ मिलिअँप. एकूण ४.६ मिलिअँप ऑप्टोच्या ट्रान्झिस्टरने गिळले पाहिजेत.

पलीकडे, सेकंडरीला, एलईडीला जास्तीत जास्त किती करंट मिळू शकतो? २४ व्होल्टमधून एलईडीचे १.२ आणि टीएल४३१ चे २.५ वजा केले की २०.३ उरतात. टीएल४३१ चा कॅथोड पूर्ण उघडल्यावर त्याहून थोडा खाली जातो, पण हिशेब २.५ वरच करावा. एलईडीच्या मालिकेतला रेझिस्टर २.२ के असेल तर २०.३ भागिले २.२, म्हणजे ९.२ मिलिअँप. एलईडीला समांतर १ के चा रेझिस्टर असतो, तो साधारण १ मिलिअँप स्वतःकडे घेतो. एलईडीच्या वाट्याला ८.२.

मग सीटीआर किती हवा? म्हणजे एलईडीत जेवढा करंट गेला त्याच्या किती टक्के ट्रान्झिस्टरने ओढला पाहिजे? ४.६ भागिले ८.२: छप्पन्न टक्के.

आता पीसी८१७ चं डेटाशीट काढा. मागे अक्षर नसलेल्या सुट्या पीसी८१७ ला सीटीआरची हमी ५० ते ६०० टक्के. मोजणी एलईडीत ५ मिलिअँप आणि २५ अंश तापमानाला. म्हणजे डिझाइनला ५६ हवेत आणि नव्या कोऱ्या, थंड ऑप्टोची हमी ५० ची. बोर्ड कागदावरच नापास आहे.

प्रत्यक्षात दुकानातून आणलेला सुटा ऑप्टो बऱ्याचदा १२०-१५० टक्क्यांचा निघतो, म्हणून तो चालतो. पण त्यातून पुढच्या वजावटी करायच्या असतात. पत्र्याच्या पेटीत, दुपारच्या उन्हात, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी बसलेल्या ऑप्टोचं तापमान ७० अंशांच्या वर सहज जातं, आणि तिथे सीटीआर २५ अंशांच्या तुलनेत पाऊणपट किंवा त्याहून कमी होतो. आयुष्यभरात एलईडीचा प्रकाश मंदावतो त्यासाठी निम्मा धरायची पद्धत आहे. एलईडीत कायम जास्त करंट आणि वर उष्णता असेल तर तो दिवस लवकर येतो. १३० चा ऑप्टो घ्या: गुणिले अर्धा, गुणिले पाऊण, झाले ४९. छप्पन्नच्या खाली. नेमका एप्रिलच्या दुपारी, नेमका व्हॉल्व्ह बंद असताना.

गंगापूरच्या कालव्याचं आवर्तन सोडताना टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचेल एवढा विसर्ग धरावा लागतो, तोंडाशी भरपूर दिसतंय म्हणून चालत नाही. इथेही सगळ्यांत कमजोर, सगळ्यांत जुना, सगळ्यांत गरम ऑप्टो धरूनच आकडे मांडायचे.

मेन्स न लावता तपासायची रीत

ही रीत मला सगळ्यांत भरवशाची वाटते. ३२५ व्होल्ट डीसीच्या शेजारी प्रोब धरून बसायची गरज राहत नाही.

आधी मोठा कपॅसिटर डिस्चार्ज करा आणि मीटर लावून खात्री करून घ्या. मग दोन बेंच सप्लाय घ्या, एकमेकांपासून पूर्ण वेगळे. दोन चॅनेलचा एकच सप्लाय असेल तर तो स्वतंत्र मोडमध्ये ठेवा. दोघांचे ग्राउंड जोडायचे नाहीत, नाहीतर ऑप्टोच्या दोन बाजू एक होतील.

पहिला सप्लाय यूसी३८४२ च्या पिन ७ आणि पिन ५ वर, १७ व्होल्ट, करंट लिमिट १०० मिलिअँपच्या आत. १६ ओलांडले की चिप जागी होते. पिन ८ वर ५ व्होल्ट आले की झालं. दुसरा सप्लाय बोर्डाच्या २४ व्होल्टच्या आउटपुट टर्मिनलवर. सेकंडरीचा डायोड उलट्या दिशेने अडवतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरकडे काही जात नाही.

आता दुसरा सप्लाय २३ वर ठेवा. कॉम्प ५ व्होल्टच्या आसपास दिसला पाहिजे. हळूहळू वर न्या. सेट व्होल्टेज आलं की कॉम्प कोसळतो, थोड्या मिलिव्होल्टच्या फरकात. कोसळण्याचा तो बिंदू म्हणजे तुमचा सप्लाय जिथे रेग्युलेट करणार ते व्होल्टेज. २१.५ के आणि २.४९ के चा एक टक्क्याचा डिव्हायडर असेल तर तो २४.०४ च्या जवळ यायला हवा. इथपर्यंत सगळं बरोबर असेल तर टीएल४३१ आणि डिव्हायडर दोघांनाही सोडून द्या, ते निर्दोष आहेत.

मग दुसरा सप्लाय २५ पर्यंत न्या. आता टीएल४३१ पूर्ण उघडा आहे आणि एलईडीला रेझिस्टर देऊ शकेल तेवढा सगळा करंट मिळतोय. कॉम्प मोजा. चांगल्या बोर्डात तो अर्ध्या व्होल्टच्याही खाली, जवळजवळ ग्राउंडला चिकटलेला दिसतो. परत परत येणाऱ्या बोर्डात तो १ व्होल्टच्या वर लटकलेला सापडतो. समजा १.९ दिसला. पुल-अपमधून ३.१, आतला ०.८, मिळून ३.९ मिलिअँप ऑप्टो ओढतोय. एलईडीच्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजून, समांतर रेझिस्टरचा वाटा वजा करून एलईडीचा करंट काढा, तो ८.२ निघाला तर सीटीआर ४८ टक्के. बोर्डातून ऑप्टो न काढता त्याचा खरा आकडा हातात आला.

आतल्या अँप्लिफायरच्या ०.८ वर विश्वास नसेल तर सेकंडरीचा सप्लाय बंद ठेवून कॉम्प आणि ग्राउंडमध्ये मिलिअँप मीटर लावा. मीटर जो आकडा दाखवेल त्यातून पुल-अपचे ५ मिलिअँप वजा करा, उरला तो चिपचा. यूसी३८४२ ला असं कॉम्प ग्राउंडला खेचणं चालतं.

कॉम्प १ व्होल्टच्या खाली असूनही पिन ६ वर पल्स दिसत असतील, तर मात्र चिप बदला.

टेबलावर सगळं ठीक आणि शेतात बिघडतं, याचं उत्तर हेअर ड्रायरमध्ये आहे. सप्लाय २५ वरच ठेवून ऑप्टोवर गरम हवा सोडा आणि कॉम्पवर नजर ठेवा. थर्मोकपल असेल तर ऑप्टोच्या पाठीवर उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने चिकटवा. काठावरचा ऑप्टो असेल तर अर्ध्या व्होल्टवरचा कॉम्प ६०-७० अंशांपर्यंत जाताना डोळ्यांदेखत वर सरकायला लागतो, आणि ड्रायर बंद केला की पुन्हा खाली येतो. ग्राहकाला हे एकदा दाखवलं की पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

काय बदलायचं

पहिला बदल खरेदीतला. पीसी८१७, ईएल८१७, एलटीव्ही८१७, कुठलाही घ्या, पण ८१७ च्या मागे सी हे अक्षर छापलेलं असलं पाहिजे. ए म्हणजे ८० ते १६०, बी १३० ते २६०, सी २०० ते ४००, डी ३०० ते ६००. सी ची खालची हमी २०० ची. त्याचा अर्धा, त्याचा पाऊण, उरतात ७५. ४.६ मिलिअँपसाठी एलईडीत ६.१ लागतील आणि २.२ के वर ८.२ मिळतात. बसतं. मी तरीही रेझिस्टर १.८ के करतो, म्हणजे एलईडीला १०.३ मिळू शकतात आणि मोकळीक राहते. हा कमाल करंट आहे. रोजच्या चालण्यात ऑप्टो तगडा असल्याने एलईडीत दोन-तीन मिलिअँपच जातात, म्हणून त्याचं आयुष्य खर्ची पडत नाही. मात्र रेझिस्टर अर्ध्या वॅटचा लावा.

सुट्या ऑप्टोवरच भागवायचं म्हणून रेझिस्टर ८२० ओहमपर्यंत उतरवणारे बोर्ड मी बघितले आहेत. ती वाट घेऊ नका. ५० ते ६०० टक्क्यांच्या पसाऱ्यात जो कमजोर ऑप्टोला पुरेल तो रेझिस्टर तगड्या ऑप्टोबरोबर लूपला, म्हणजे फीडबॅकच्या पूर्ण साखळीला, डोलायला लावतो.

कारण हा रेझिस्टर दोन नोकऱ्या करतो. टीएल४३१ च्या कॅथोडपासून रेफरन्सपर्यंत जो कपॅसिटर असतो तो बघून वाटतं की लूपचा वेग तोच ठरवतो. पण एलईडीचा रेझिस्टर थेट आउटपुटला जोडलेला आहे. आउटपुट हललं की टीएल४३१ ने काही करायच्या आधीच एलईडीचा करंट हलतो. ही आडवाट कितीही मोठा कपॅसिटर लावून बंद होत नाही. मधल्या फ्रिक्वेन्सीला या टप्प्याचा गेन म्हणजे पुल-अप भागिले एलईडीचा रेझिस्टर, गुणिले सीटीआर. १ के, १.८ के आणि ४०० टक्के असतील तर २.२, तोच ऑप्टो म्हातारा होऊन ७५ वर आला तर ०.४२. पाचपट फरक, आणि लूपचा क्रॉसओव्हर (पूर्ण लूपचा गेन जिथे एकवर येतो ती फ्रिक्वेन्सी) साधारण तेवढ्याच पटीत सरकतो. दोन्ही टोकांना सप्लाय शांत राहिला पाहिजे.

हे तपासायला वर्षं थांबावं लागत नाही. ए रँकचा ऑप्टो लावला की तो म्हातारा झालेला सी, डी रँकचा लावला की नशिबाने आलेला सगळ्यांत तगडा सी. बोर्डावर चार पायांचा सॉकेट सोल्डर करा आणि दोन्ही आलटून पालटून बघा. ही चाचणी मेन्सवर करावी लागते, म्हणून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि सिरीज बल्ब लावून आधी सप्लाय उभा करा, मग बल्ब काढा. तो राहिला तर लोडच्या झटक्याचं चित्र खोटं येतं. आउटपुटला १२० ओहम कायम लावा आणि १८ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर एका मॉस्फेटने जोडत-तोडत राहा. स्कोप एसी कपलिंगवर, आउटपुट टर्मिनलवर. एक खड्डा पडून सरळ झालं तर उत्तम. खड्ड्यानंतर तीन-चार लाटा उठत असतील तर फेज मार्जिन, म्हणजे लूप डोलायला लागण्यापासूनचं अंतर, कमी आहे. लाटा थांबतच नसतील तर ट्रान्सफॉर्मरमधून येणारी बारीक सी-सीही तुम्हाला बहुतेक आधीच ऐकू आली असेल.

लाटा दिसल्या तर पहिली नजर कॅथोड-रेफरन्सच्या कपॅसिटरवर. वरच्या २१.५ के बरोबर तो जो झीरो (जिथून फेज परत मिळायला लागते ती फ्रिक्वेन्सी) देतो तो २२ नॅनोफॅरडला ३४० हर्ट्झच्या आसपास येतो, आणि एक-दीड किलोहर्ट्झच्या क्रॉसओव्हरला ते छान जमतं. बऱ्याच बोर्डांत तिथे १ नॅनोफॅरड सापडतो. झीरो सात किलोहर्ट्झच्या पुढे जातो आणि क्रॉसओव्हरला फेजची मदत काहीच मिळत नाही. सिंचनाच्या पॅनेलला एक-दीड किलोहर्ट्झ पुष्कळ झाले, त्याहून वेगवान लूप करायचा अट्टहास कशाला?

दुसरी नजर ऑप्टोच्या स्वतःच्या वेगावर. डेटाशीटमध्ये ८० किलोहर्ट्झ लिहिलेले दिसतात, पण ते १०० ओहमच्या लोडला. फोटोट्रान्झिस्टरचा प्रकाश झेलणारा भाग मोठा, म्हणून आतली कपॅसिटन्सही मोठी, आणि पुल-अप वाढवला की वेग त्याच प्रमाणात पडतो. १० के च्या पुल-अपला तो थोड्या किलोहर्ट्झवर येऊन बसतो. करंट वाचवायला कोणी १ के चा पुल-अप ४.७ के करून सीटीआरचा प्रश्न मिटवला, तर गेनही वाढतो आणि ऑप्टोही मंदावतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी फेज जाते. कॉम्पवरून ग्राउंडला कोणी सवयीने १०० नॅनोफॅरड टाकलेला असेल तर १ के बरोबर तो १.६ किलोहर्ट्झचा पोल होतो, म्हणजे तिथून गेन आणि फेज दोन्ही घसरतात. तो काढून १० नॅनोफॅरड टाका. १६ किलोहर्ट्झच्या पोलने गोंगाट कापला जातो आणि क्रॉसओव्हरला धक्का लागत नाही.

आउटपुटला शेवटी छोटा एलसी फिल्टर असेल तर एलईडीचा रेझिस्टर फिल्टरच्या आधीच्या कपॅसिटरवरून घ्या आणि डिव्हायडर फिल्टरनंतर. रेझिस्टरची आडवाट फिल्टरनंतरच्या जागेवरून घेतली की फिल्टरचा स्वतःचा झोल लूपमध्ये शिरतो.

हिवाळ्यातली तक्रार वेगळी असते. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली जातो. पहाटे थंड पडलेल्या आणि आधीच सुकत आलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ईएसआर (आतला रेझिस्टन्स) वाढतो, रिपल वाढतो, लूपही बदलतो. लोड असताना आउटपुट थरथरत असेल तर ऑप्टोकडे जाण्याआधी आउटपुट कपॅसिटर ईएसआर मीटरने तपासा.

पूर्ण लोडला व्होल्टेज ढिलं पडत असेल तर

हे त्याच साखळीचं दुसरं टोक. पूर्ण लोडला ऑप्टोचं काम कमी, म्हणून एलईडीत करंट अगदी थोडा, कधी पाव-अर्धा मिलिअँप. पण टीएल४३१ ला नीट काम करायला कॅथोडमध्ये किमान १ मिलिअँप हवा. एलईडीला समांतर १ के नसेल तर टीएल४३१ उपाशी राहतो, त्याचा गेन पडतो आणि २४ चे २३.५ होतात. बोर्डावर ‘गरज नाही’ म्हणून हा रेझिस्टर न बसवलेला सापडतो, फक्त रिकामी पॅड दिसते. १ के लावला की एलईडीवरच्या एक-सव्वा व्होल्टमुळे टीएल४३१ चा खुराक वेगळा मिळतो. सी किंवा डी रँकचा तगडा ऑप्टो लावल्यावर हे दुखणं जास्त जाणवतं, कारण मग एलईडीत करंट आणखी कमी पुरतो. म्हणून ऑप्टो बदलताना ही पॅड रिकामी नाही ना, ते बघाच.

५ व्होल्टच्या सप्लायला हाच हिशेब मांडला तर ५ वजा १.२ वजा २.५, उरतात जेमतेम १.३ व्होल्ट. तिथे टीएलव्ही४३१ घ्यावा. त्याचा रेफरन्स १.२४ व्होल्टचा आणि किमान करंट शंभर मायक्रोअँपच्या आत. पण त्याच्या अनेक प्रकारांना कॅथोडवर ६ व्होल्टचीच परवानगी असते; तो २४ च्या बोर्डावर लावू नका.

ऑप्टोच्या पोटाखाली

बागेत गंधक आणि ताम्रयुक्त औषधांच्या फवारण्या होतात, आणि पेटीला रबर गॅस्केट नसेल तर तो थर बोर्डावर बसतो. ऑप्टो उचलल्यावर त्याखाली पांढरट-हिरवट पापुद्रा दिसला तर तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने पूर्ण काढा, फ्लक्ससकट. ती जागा मेन्स आणि शेतकऱ्याचा हात यांच्यामधली भिंत आहे. ऑप्टो स्वतः ५००० व्होल्ट सोसतो, पण त्याच्या दोन बाजूंच्या पायांतलं अंतर ७.६२ मिलिमीटर, आणि पॅडमुळे तेही आणखी घटतं. मधे स्लॉट कापलेला नसेल तर कापून घ्या, किंवा १०.१६ मिलिमीटरपर्यंत पाय फाकवलेला प्रकार मिळतो तो बसवता येतो का बघा. व्हार्निश मारायचं ते साफसफाई झाल्यावर, मळावर नाही.

काढीव मालाचे ऑप्टो इथे अजिबात वापरू नका. त्यांचं निम्मं आयुष्य कुठल्यातरी दुसऱ्या सप्लायच्या उष्णतेत संपलेलं असतं, आणि वरचं अक्षर पुन्हा छापलेलंही असू शकतं. नवीन पाकीट आणलं तरी त्यातले थोडे ५ मिलिअँपवर मोजून बघा. एक रेझिस्टर, एक बेंच सप्लाय, दोन मीटर, एवढ्यात होतं. २०० च्या खाली काही निघाले तर ते पाकीट परत करा.

आणि हिशेब कितीही नीट असला तरी ऑप्टो कधीतरी मरणारच, म्हणून ऑप्टोवर न विसंबणारा अडसर ठेवा. ऑक्झिलरी वाइंडिंगचं व्होल्टेज आउटपुटच्या प्रमाणात चढतं: २४ ला व्हीसीसी १५ असेल तर ३० ला १९ च्या जवळ. व्हीसीसीवर १८ व्होल्टचा झेनर (त्या व्होल्टेजला वाहू लागणारा डायोड) आणि त्यामागे एक छोटा एससीआर (झेनर वाहू लागला की चालू होणारा स्विच), जो कॉम्पला ग्राउंडला धरून ठेवेल. हे सगळं प्रायमरीच्याच बाजूला आहे, म्हणून वेगळ्या आयसोलेशनची गरज नाही. पूर्ण लोडला ट्रान्सफॉर्मरच्या लीकेजमुळे व्हीसीसी थोडं जास्त चढतं, तेव्हा झेनरची किंमत ठरवायच्या आधी पूर्ण लोडवर व्हीसीसी मोजून घ्या, नाहीतर पंप सुरू होताच सप्लाय बंद पडेल.

बोर्ड परत देताना ऑप्टोशेजारी बारीक मार्करने दोन आकडे लिहून ठेवा: २५ व्होल्टवर एलईडीचा करंट आणि त्या वेळचा कॉम्प, थंड आणि ड्रायरखाली असे दोन्ही. तीच पेटी पुन्हा आली तर पहिल्या पाच मिनिटांत कळतं की ऑप्टो किती थकला, की या वेळी दुखणं वेगळंच आहे.